दोन तोंडांचे घड्याळ

माझ्या टेबलावर एक जुने घड्याळ आहे. त्याला दोन तोंडे आहेत. एकाच लाकडी पेटीत शेजारी शेजारी बसविलेल्या दोन तबकड्या, प्रत्येकीचे काटे निराळे, प्रत्येकीची किल्ली निराळी, आणि पेटीच्या माथ्यावर दोन कळा. घरी येणारी मुले त्याच्यापाशी हमखास थबकतात. "एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून दोन आहेत का हो?" असे एका चिमुरडीने मला एकदा विचारले होते. खरे म्हणजे वेळ पाहण्याच्या कामी या घड्याळाचा काडीइतकाही उपयोग नाही. एका तबकडीत पावणेसहा झालेले असतात, तर दुसरीत साडेपाच. शिवाय ही दोन तोंडे कधी एकदम बोलत नाहीत. एक बोलू लागले की दुसरे मुकाट्याने बसते.

हे बुद्धिबळाचे घड्याळ आहे. डाव सुरू झाला की ज्याची खेळी असेल त्याचे घड्याळ चालू लागते. त्याने मोहरे हलवून आपल्या बाजूची कळ दाबली की त्याचे घड्याळ थांबते आणि प्रतिस्पर्ध्याचे चालू होते. प्रत्येकाला एक तास मिळणार असेल, तर दोन्ही घड्याळांचे काटे पाचावर लावीत. म्हणजे सहाला वेळ संपे. बाराच्या आकड्याशेजारी एक इवलेसे लाल निशाण असते. तास भरण्यास तीनेक मिनिटे उरली की मोठा काटा ते निशाण हळूहळू वर उचलू लागतो, आणि काटा बारावर पोचताच ते खटकन खाली पडते. निशाण पडले की पटावर तुमची बाजू कितीही बळकट असो, डाव बहुधा तुमच्या हातून गेलाच!

बुद्धिबळे शेकडो वर्षे खेळली जात आहेत. पण हा पहारेकरी मात्र अलीकडचा. १८५१ साली लंडनला मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली, तेव्हा खेळीला वेळेचे बंधन नव्हते. काही खेळाडू एकेका खेळीसाठी इतका विचार करीत की समोरच्याचा धीर सुटे. पुढे १८६१ साली अँडरसन व कोलिश या दोन नामांकित खेळाडूंच्या सामन्यात वाळूच्या घटिका वापरण्यात आल्या. १८८३ साली लंडनच्याच एका स्पर्धेत जोडघड्याळ आले. मँचेस्टरच्या विल्सन नावाच्या गृहस्थांची ती कल्पना. तराजूच्या दांडीसारख्या आडव्या पट्टीवर दोन घड्याळे बसविलेली असत. पट्टी एका बाजूस कलली की एक घड्याळ थांबे आणि दुसरे चालू होई. तेव्हापासून बुद्धिबळाच्या पटावर बत्तीस मोहऱ्यांखेरीज आणखी एक गोष्ट येऊन बसली, ती म्हणजे वेळ.

माझी आणि या पहारेकऱ्याची पहिली भेट १९७९ साली झाली. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आम्ही मिरजेस राहत असू. शेजारची सांगली म्हणजे बुद्धिबळाचे गाव. तेथल्या नूतन बुद्धिबळ मंडळाने आणि भाऊसाहेब पडसलगीकर यांनी त्या गावाला या खेळाची अशी गोडी लावली होती की तिचे शिंतोडे आमच्या मिरजेपर्यंत उडत. मला मात्र हा खेळ शिकविला तो आमच्या आबांनी. आबा म्हणजे माझे आजोबा. पुणे-मिरज मार्गावरील लहान लहान स्थानकांत स्टेशनमास्तर म्हणून काम करून ते निवृत्त झाले होते. संध्याकाळी सोप्यावर पट मांडून आम्ही बसत असू. आबा शांतपणे अडकित्त्याने सुपारी कातरीत, मी हनुवटी गुडघ्यावर टेकून विचार करी, आणि दिवेलागण झाली की आई आतून हाक मारी. तेच आमचे घड्याळ!

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत सांगलीस मुलांसाठी दोन दिवसांची स्पर्धा भरली. आबांनी माझे नाव घातले आणि स्वतः बरोबर आले. मोठ्या दिवाणखान्यात ओळीने टेबले मांडलेली, प्रत्येकावर पट आणि पटाशेजारी ते दुतोंडी घड्याळ. पंचांनी "सुरू करा" म्हणताच सगळ्या खोलीत एकदम टिकटिक सुरू झाली. जणू पावसाची सरच कौलांवर आली!

पहिल्या दिवशीचा अखेरचा डाव मी जन्मात विसरणार नाही. माझा प्रतिस्पर्धी मोठा चपळ मुलगा होता. तो झटकन मोहरे हलवी आणि फटकन कळ दाबी. त्याची कळ वाजली की माझ्या छातीत धस्स होई. तो भरभर खेळतो म्हणून मीही भरभर खेळू लागलो. एक डोळा पटावर, एक डोळा काट्यावर. तरीही माझे दैव त्या दिवशी बलवत्तर असावे. डाव संपत आला तेव्हा माझ्यापाशी वजीर होता, आणि त्याच्यापाशी राजा व एक प्यादे. तेही माझ्या प्याद्यासमोर अडकून पडलेले. मात करण्यास फार तर आठ-दहा खेळ्या पुरल्या असत्या.

मी घड्याळाकडे पाहिले. काटा बाराकडे सरकत होता. 'निशाण पडणार! निशाण पडणार!' एवढा एकच विचार माझ्या डोक्यात घण घालू लागला. त्याचा राजा कोपऱ्यात गेला. मी वजीर उचलला, जवळच्या घरात ठेवला आणि कळ दाबली.

त्या मुलाने पटाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि तो हसला. माझा वजीर कोपऱ्यातल्या राजापासून नेमका घोड्याच्या चालीवर बसला होता. तुम्ही पट मांडून पाहा, म्हणजे तुम्हांला माझी फजिती कळेल. अशा वेळी राजाला शह नसतो, पण हलण्यास एकही घर उरत नाही. त्याचे प्यादे तर आधीच अडकलेले. ज्याला शह नाही आणि करण्यासारखी एकही खेळी नाही, त्याचा डाव नियमाप्रमाणे बरोबरीत सुटतो. हातातोंडाशी आलेला घास मीच खाली पाडला होता.

परतताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो. डोळे सारखे भरून येत होते. पुष्कळ वेळाने आबांनी विचारले, "तुझ्या घड्याळात किती वेळ उरला होता रे?"

"चार मिनिटं," मी म्हटले. निशाण अद्याप उचललेदेखील गेले नव्हते.

"मग ती चार मिनिटं आता घरी नेऊन काय करणार आहेस?"

मला राग आला आणि हसूही आले. खरेच, ज्या वेळेसाठी मी एवढा घाबरलो होतो, ती वेळ संपली नव्हतीच. ती जशीच्या तशी शिल्लक होती. संपला होता तो माझा धीर.

रात्री अंगणात बाज टाकून आबा पडले होते. मी जवळ जाऊन बसलो, तेव्हा ते आपल्या नोकरीतली एक हकीकत सांगू लागले. त्यांच्या वेळी तो रेल्वेमार्ग एकेरी होता. समोरून येणारी आणि इकडून जाणारी गाडी एकाच रुळांवरून जायची. म्हणून पुढच्या स्थानकाने परवानगी दिल्यावाचून गाडी सोडता येत नसे. परवानगी मिळाली की यंत्रातून लोखंडाचा एक गोळा बाहेर पडे. तो गोळा इंजिनवाल्याच्या हाती दिला म्हणजे मार्ग मोकळा असल्याची खूण पटे.

"एकदा पावसाळ्यात गाडीला चाळीस मिनिटं उशीर झाला होता," आबा म्हणाले. "उतारू ओरडत होते. गार्ड सारखा घड्याळ दाखवीत होता. मलाही वाटलं, द्यावा हिरवा कंदील आणि मोकळं व्हावं. पण मी माझा हात कोटाच्या खिशात घातला आणि रोजचे तीन प्रश्न मनाशी विचारले. गोळा हाती आला का? सांधा नीट बसला का? सिग्नल पडला का? तिन्हींची उत्तरं मिळाली, तेव्हाच हात खिशातून बाहेर काढला."

"त्यात किती वेळ गेला, आबा?"

"दहा सेकंद गेले असतील. अरे, उशीर झालेली गाडी पुढं वेळेवर आणता येते. पण घाईनं सोडलेली गाडी परत बोलावता येत नाही. तुझ्या मोहऱ्याचंही तेच आहे."

मग आबांनी मला पटासाठी तीन प्रश्न तयार करून दिले. त्याने ही खेळी कशासाठी केली? मी जी खेळी करणार आहे तिला तो काय उत्तर देईल? माझे एखादे मोहरे उघडे तर पडत नाही ना? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत हात मांडीखाली ठेवायचा. आणि घड्याळ? ते आपली कळ दाबून झाल्यावर पाहायचे, आधी नाही. तेव्हा वेळ समोरच्याची जात असते; आपण निवांतपणे हिशेब करू शकतो.

दुसऱ्या दिवशी मी हा नियम पाळला. पहिल्या डावात दोनदा माझा हात मांडीखालून निसटू पाहत होता. मी त्याला पुन्हा कोंडून ठेवले. आश्चर्य असे की प्रत्येक खेळीला तीन प्रश्न विचारूनही माझा वेळ संपला नाही. उलट कालच्यापेक्षा अधिकच उरला. ज्या खेळीचा विचार पुरा झालेला असतो, तिच्यावर पुन्हा पुन्हा घुटमळावे लागत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानी आले. दुपारपर्यंतचे डाव मी जिंकले आणि शेवटच्या डावास बसलो. तो जिंकलो असतो, तर मला बक्षीस मिळणार होते.

माझ्यासमोर जाड भिंगांचा चष्मा घातलेला एक मुलगा होता. माझ्याहून वर्षादोनवर्षांनी मोठा असेल. तो फारसे बोलत नव्हता, हसत नव्हता. डाव अटीतटीचा झाला. माझ्यापाशी नऊ मिनिटे उरली होती, त्याच्यापाशी सहा. त्याने आपला घोडा पुढे आणला, हात मागे घेतला आणि पटावर डोळे लावून बसला. कळ दाबायला तो साफ विसरला!

खेळी त्याने केली होती, पण घड्याळ त्याचेच चालू होते. प्रत्येकाने आपले घड्याळ आपण सांभाळायचे असते. मी गप्प बसलो असतो तरी नियमाने मला कोणी दोष दिला नसता. मी विचारात गढल्याचा बहाणा केला आणि कपाळाला हात लावून बसलो. त्याची सहा मिनिटे पाच झाली. पाचांची चार झाली. बक्षीस माझ्याकडे चालत येत आहे असे मला वाटले.

परंतु मजपुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. मला विचारच करता येईना. पहिला प्रश्न मी मनाशी विचारला : त्याने घोडा पुढे का आणला? उत्तर नाही. माझे डोळे पटावरून निसटून घड्याळाकडे जात, तेथून त्याच्या चेहऱ्याकडे जात, त्याला कळले तर नाही ना हे पाहत, आणि पुन्हा घड्याळाकडे येत. कालच्या दिवशी मी माझ्या काट्याला भ्यालो होतो. आज त्याच्या काट्याची मला हाव सुटली होती. भीती असो की हाव, परिणाम एकच. पट माझ्यासमोर होता आणि मी पटावर नव्हतो.

त्याचे निशाण किंचित वर उचलले गेले. मला ते सहन होईना. मी हलकेच म्हणालो, "तुझं घड्याळ चालू आहे."

तो दचकला. त्याने कळ दाबली आणि मान लववून माझे आभार मानले. ते औदार्य होते असे मी म्हणणार नाही. खरे सांगायचे तर मला माझे मन परत हवे होते. आणि ते आले! माझे घड्याळ टिकटिक करू लागले, पण तो आवाज आता दुरून आल्यासारखा वाटत होता. मी हात मांडीखाली ठेवला आणि पाहिले. त्याचा घोडा पुढच्याच खेळीत माझ्या राजाला शह देऊन हत्ती गिळणार होता. मघापासून मी जे बसून राहिलो होतो, त्या सगळ्या वेळात मला एवढी साधी गोष्टही दिसली नव्हती!

मी राजा हलवला आणि हत्ती वाचविला. आता त्याच्यापाशी जेमतेम तीन मिनिटे होती. तो घाबरेल, धडाधड खेळू लागेल, असे मला वाटले. पण त्याने काय केले? चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून तो पटाकडे पाहू लागला. तीन मिनिटांपैकी अर्धे मिनिट त्याने एका खेळीला दिले. त्या खेळीने त्याचे प्यादे मोकळे झाले. पुढच्या साऱ्या खेळ्या त्याने जणू आधीच पाहून ठेवल्या होत्या. तो त्या भराभर, पण न चुकता करीत गेला. ते प्यादे मला अडविता आले नाही. त्याचे निशाण पडण्यापूर्वीच माझ्या राजावर मात झाली.

मी हरलो. बक्षीस गेले. बाहेर व्हरांड्यात आबा उभे होते. मी त्यांना सारे सांगितले, कळ दाबण्याचीही गोष्ट सांगितली. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "डाव गेला खरा, पण आज तू गाडी नीट सोडलीस."

त्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. मौज अशी की पहिल्या दिवशीचा डाव मी हरलो नव्हतो, तो बरोबरीत सुटला होता. तरी तो मला आजही सलतो. दुसरा डाव मी चक्क हरलो; पण तो आठवला की मला बरेच वाटते. आपले संपूर्ण लक्ष देऊन गमावलेल्या गोष्टीचे दुःख होते, पश्चात्ताप होत नाही.

पुढे घड्याळेही बदलली. अमेरिकेचा जगज्जेता खेळाडू बॉबी फिशर याने १९८८ साली एका नव्या तऱ्हेच्या घड्याळाचे पेटंट मागितले. त्यात प्रत्येक खेळीला काही सेकंदांची भर पडते. आता स्पर्धांतून विजेवर चालणारी अशी घड्याळे असतात. त्यांना टिकटिक नाही, निशाण नाही. नुसते आकडे कमी होत जातात. पण त्यांच्यासमोर बसणारे मन तेच आहे. २०२५ सालच्या जुलै महिन्यात जॉर्जिया देशातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख कोनेरू हंपीशी खेळत होती. हंपी २००२ साली ग्रँडमास्टर झाली, तेव्हा दिव्याचा जन्मही झालेला नव्हता. आणि जलद बुद्धिबळाचे जगज्जेतेपद हंपीने २०१९ व २०२४ अशा दोन वर्षी मिळविले होते. दोन दीर्घ डाव बरोबरीत सुटले. मग जलद डाव आले : प्रत्येकीला १५ मिनिटे आणि दर खेळीस १० सेकंदांची भर. त्यांतला पहिलाही बरोबरीत सुटला. दुसऱ्यात, वेळेच्या ओढाताणीत, हंपीसारख्या मुरलेल्या खेळाडूच्या हातूनही चूक झाली आणि काळी मोहरी घेऊन खेळणारी दिव्या जिंकली. त्या विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. थोरामोठ्यांनाही जेथे काटा चुकवितो, तेथे बारा वर्षांच्या मुलाची काय कथा! म्हणून चुकलो याची लाज वाटू देऊ नये. मात्र कशाने चुकलो हे नीट पाहून ठेवावे.

तुमच्यापैकी सगळेच काही बुद्धिबळे खेळणार नाहीत. पण परीक्षेच्या दालनात भिंतीवरचे घड्याळ तुम्हां सर्वांनाच भेटते. शेवटची दहा मिनिटे उरल्याची घंटा होते, शेजारचा मुलगा पुरवणी मागतो, आणि येत असलेले गणितही हातून निसटू लागते. अशा वेळी क्षणभर लेखणी खाली ठेवा. प्रश्न काय विचारला आहे, मी काय लिहिणार आहे, आणि काय राहून गेले आहे, एवढे तीन प्रश्न मनाशी विचारा. दहा सेकंद जातील. पण उरलेली नऊ मिनिटे पन्नास सेकंद तुमची होतील.

विजेची घड्याळे आली तेव्हा जुनी मोडीत निघाली. त्यांतले एक मी मागून आणले. तेच हे माझ्या टेबलावरचे. अधूनमधून मी त्याला किल्ली देतो आणि एक कळ दाबतो. डावे तोंड टिकटिक करू लागते, उजवे थांबते. पुन्हा दाबतो. उजवे बोलू लागते, डावे थांबते. दोन्ही एकदम चालू करण्याचा प्रयत्न त्या चिमुरडीनेही करून पाहिला होता. ते होत नाही. आपले मनही असेच आहे. ते काट्याकडे तरी लागते, नाहीतर पटाकडे. कोणती कळ दाबायची, एवढेच आपल्या हाती असते.